अख्खा शर्ट

शर्टांच्या कारखान्यात नोकरीच्या चाचणीला गेलेल्या सहाही मुली जेवणाच्या सुट्टीआधीच परत आल्या, तेव्हा शिवणवर्गाच्या बाईंना वाटलं, तिथली वीज गेली असेल. दुसरं कारण त्यांना सुचणं शक्यच नव्हतं. मुली त्यांच्या हाताखालून गेलेल्या, एकीचीही टीप रेषेबाहेर जायची नाही, त्यांना नापास कोण करणार? पण मुलींचे चेहरे उतरलेले होते.

दुपारी प्राचार्यांनी बोलावलं. प्राचार्य माणूस वाईट नव्हता. व्यवसाय शिक्षणाचं अख्खं कॉलेज चालवायचं म्हणजे सोपं काम नाही, पण शिवणातलं त्यांना कळायचं ते तुटलेलं बटण बायकोच्या हातात देण्यापुरतं. बाकी सगळं उंटावरून शेळ्या हाकणं.

"बाई, कारखानेवाले म्हणतात, तुमच्या मुली सुंदर शिवतात. पण आमच्या कामाच्या नाहीत."

"सुंदर शिवतात आणि कामाच्या नाहीत? मग तिथे शिवतात काय, पोती?"

"ते मला विचारू नका. गेल्या दोन वर्षांत तुमच्या वर्गातल्या एकीलाही नोकरी लागलेली नाही, एवढं मला दिसतं. महिनाअखेरीला ते पुन्हा चाचणी घेणार आहेत. निदान निम्म्या पास झाल्या नाहीत तर वर्ग बंद. त्या खोलीत मोबाइल दुरुस्ती सुरू करू, तिकडे मुलांची रांग लागलीय."

बाई उठल्या त्या तडक वर्गात जाऊन मशीनवर बसल्या आणि उगाचच एक सरळ टीप मारून मोकळ्या झाल्या. त्यांचा राग असाच उतरायचा. नोकरीला लागल्यापासून त्यांनी एकच गोष्ट मनात धरली होती: इथून बाहेर पडणाऱ्या बाईला कापड बेतण्यापासून बटण लावण्यापर्यंत अख्खा शर्ट एकटीनं करता आला पाहिजे. मग ती कुणाच्या तोंडाकडे बघत बसणार नाही. आणि नियमही एकच. टीप संपली की कापड बाहेर काढायचं, धागा तोडायचा, उलटून बघायचं, मगच पुढे. धागा लोंबता ठेवणारीच्या बोटांवर मोजपट्टी बसायची. हलकीच, पण बसायची.

घोडं कुठे अडलं ते कारखान्यात गेल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि कारखान्यात जायचं बाईंच्या अगदी जिवावर आलं होतं. कारण कॉलरच्या लाइनीवर, म्हणजे दिवसभर नुसत्या कॉलरी शिवणाऱ्या बायकांच्या रांगेवर, सुपरवायझर होती ती त्यांच्या नणंदेची मुलगी. लहानपणापासून एका जागी ठरायची नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. बारा वर्षांपूर्वी ती बाईंच्याच वर्गात शिकायला आली होती. महिनाभर मोजपट्टी खाऊनही तिचे धागे लोंबतेच राहिले, तेव्हा बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "तुझ्या हाताला शिवण नाही, दुसरं काहीतरी बघ." दुसऱ्या दिवसापासून भिंगरी आली नाही. नणंदेनं मात्र ते वाक्य जपून ठेवलं होतं आणि घरात चार माणसं जमली की हटकून बाहेर काढायची.

शेवटी बाई गेल्याच. "या मामी," भिंगरी म्हणाली. मशीनांचा आवाज एवढा होता की तिला ओरडूनच बोलावं लागत होतं. "तुमच्या मुलींचं काय झालं ते बघायला आलात ना? सांगत नाही. बसा इथे."

तिनं बाईंना मशीनवर बसवलं आणि शेजारी कॉलरींचा गठ्ठा ठेवला. मशीन विजेचं, पाय नुसता टेकला तरी उधळायचं. पहिली कॉलर बाईंच्या हातून निसटता निसटता राहिली, पण टीप सरळ आली. बाईंनी कापड बाहेर काढलं, धागा तोडला, उलटून बघितलं. समाधान झालं. मान वर केली, तर शेजारची बाई तेवढ्यात ढीगभर कॉलरी शिवून मोकळी झाली होती.

मग बाईंनी नीट बघितलं. शेजारीण धागा तोडतच नव्हती. एक कॉलर सुईखालून निघते न निघते तोच दुसरी तिच्या मागे सरकवायची, तिच्यामागे तिसरी. सगळ्या कॉलरी एकाच धाग्याला लटकत टोपलीत पडत होत्या, आणि टोकाला बसलेली दुसरी एक बाई त्या कापून सुट्या करत होती.

"तुमच्या मुली प्रत्येक कॉलरीला थांबल्या," भिंगरी म्हणाली. "सांगून दमले, धागा तोडू नका. हो म्हणायच्या आणि तोडायच्या. एक तर रडायलाच लागली. म्हणाली, बाई मारतील."

बाईंना हसू आलं नाही. त्यांनी पुन्हा कॉलर घेतली, आणि टीप संपताच त्यांचा हात आपोआप कात्रीकडे गेला. तिसऱ्यांदा तसंच झालं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. शेवटी भिंगरीनं कात्रीच उचलून आपल्या खिशात टाकली.

तासाभरानं बाईंच्या कॉलरी एकामागून एक पडायला लागल्या. कपाळ घामानं भिजलं होतं. जमायला लागलं याचं त्यांना बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा राग आला.

"तू वर्गात येऊन मुलींना शिकवशील?" त्यांनी विचारलं.

"मी? माझ्या हाताला शिवण नाही ना?"

"म्हणाले होते खरं. तुला धागा तोडायचा कंटाळा होता."

"आता त्याच कंटाळ्याचा पगार मिळतो, मामी," भिंगरी म्हणाली आणि खो खो हसली. पण सुट्टीच्या दिवशी ती आली. वर्गात आल्या आल्या तिनं सहाही कात्र्या गोळा करून कपाटात ठेवल्या आणि किल्ली बाईंच्या हातात दिली. बाई मागच्या बाकावर मुलींसारख्याच जाऊन बसल्या.

महिनाअखेरच्या चाचणीत चार मुली पास झाल्या. प्राचार्यांनी स्वतः वर्गात येऊन चहा पाजला आणि चहा संपायच्या आतच पुढचं सांगितलं.

"आता मार्ग सापडलाय, बाई. कॉलर, कफ, खिसा. दोन दोन महिन्यांचे छोटे वर्ग करू. अख्खा शर्ट काढून टाका, कारखान्याला तो नकोय."

"आणि उद्या कारखान्याला मुलीही नकोशा झाल्या तर?"

"तेव्हाचं तेव्हा. मागणी असेल ते शिकवायचं. अख्खा शर्ट कुणी मागतंय का सांगा?"

वर्ग वाचला होता आणि ज्यासाठी वाचवायचा ते हातचं गेलं होतं. बाई अगदी रडवेल्या झाल्या, पण मुलींसमोर रडल्या नाहीत. संध्याकाळचा एक तास तेवढा अख्ख्या शर्टासाठी मागून घेतला. प्राचार्य म्हणाले, पंधरा दिवस बघू, माणसं आली तर ठेवू.

पहिल्या संध्याकाळी कुणीच आलं नाही. दुसऱ्या संध्याकाळीही बाई रिकाम्या मशीनांमध्ये एकट्याच बसून होत्या. तिसऱ्या संध्याकाळी त्या दिवे घालवायला उठल्या, तर दारात भिंगरी. कारखान्याच्याच कपड्यांत, काखेत कापडाची गुंडाळी, आणि मागे लाइनीवरच्या पाच जणी.

"आमच्याकडे कॉलर शिवणारं मशीन येतंय," ती म्हणाली. "आपलं आपण शिवतं म्हणे, माणूस लागत नाही." नेहमीचं हसू तिच्या तोंडावर नव्हतं. "बारा वर्षांत लाखो कॉलरी शिवल्या असतील, मामी. शर्ट एकही नाही. बाही कशी लावतात तेसुद्धा मला येत नाही. आईला सांगू नका."

"नाही सांगत. कुणासाठी शिवायचाय?"

"बाबांसाठी."

बाईंनी कापड पसरलं. बेतणं, कापणं यात पुढच्या दोन संध्याकाळी गेल्या. त्यातल्या एका संध्याकाळी प्राचार्य दारात येऊन उभे राहिले आणि डोकी मोजून निघून गेले.

मग भिंगरी मशीनवर बसली. खांद्याची पहिली टीप तिनं वाऱ्यासारखी मारली, आणि टीप संपताच तिचा डावा हात सवयीनं पुढचा तुकडा सरकवायला बाजूला गेला. तिथे काही नव्हतं. हात तसाच टेबलावर चाचपडत राहिला.

बाईंनी कपाट उघडलं, कात्री काढली आणि तिच्या त्या हातात दिली.

"तोड धागा," त्या म्हणाल्या. "याच्या मागून दुसरा यायचा नाही. हा एकच आहे."