डावी बाजू

"मॅडम, तुमची गाडी माझ्याकडे आलीये," असं फोनवरचा माणूस म्हणाला, तेव्हा मला आधी वाटलं, माझी खटारा गाडी कुणीतरी ढापली. खिडकीतून पाहिलं तर ती बापडी दारात उभी. "ती नव्हे हो," तो म्हणाला, "मध्ये इंजिन असलेली. पहिली." मी हातातला कप खाली ठेवला.

तो पत्रेवाला होता. जुन्या गाड्यांचे पत्रे ठोकून त्या पूर्ववत करणं हा त्याचा धंदा. आमच्या कंपनीने एके काळी दोन सीटची एक स्पोर्ट्स गाडी काढली होती. तिचा सगळ्यात पहिला, हाताने ठोकलेला नमुना प्रदर्शनात ठेवण्याआधी त्याच्याकडे आला होता.

"उजवी बाजू झकास आहे," तो म्हणाला, "पण डावीची कुणीतरी वाट लावलीये. अपघात झाला असणार. दारामागचं हवेचं तोंड भलतंच खोल ठोकलंय. मालकाला दोन्ही बाजू सारख्या हव्यात. डावी कापतो आणि उजवीवरून नवीन करतो. तेवढी उजवी एकदा तपासून द्याल का? ती तुमच्या हातची आहे असं कळलं."

"मी येईपर्यंत डावीला हात लावायचा नाही," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

अपघात म्हणे! ती बाजू माझ्या नवऱ्याची होती. तो आता नाही, आणि त्याच्या हातचं म्हणावं असं काम जगात तेवढंच उरलं होतं.

आम्ही दोघं मेणमातीत गाड्या घडवायचो. चित्रकार कागदावर चार रेषा मारून मोकळा व्हायचा. मग भट्टीत ऊन केलेली तपकिरी माती सांगाड्यावर थापायची, पात्यांनी खरवडायची आणि खऱ्या गाडीएवढी गाडी उभी करायची. नवरा डावखुरा, म्हणून डावी बाजू त्याची आणि उजवी माझी. खात्यात सगळे आम्हाला डावा-उजवी म्हणायचे. लग्नात आहेरावरसुद्धा तेच लिहून आलं होतं.

आमच्या खात्यात एक रीत होती. संध्याकाळी हात धुण्याआधी एकमेकांना बाजू द्यायची. म्हणजे तो म्हणायचा, "बाजू घे," मग मी डोळे मिटून त्याच्या बाजूवरून तळहात फिरवायचा आणि कुठे उंच, कुठे खोल ते सांगायचं. केसाएवढा फरक डोळ्याला दिसत नाही, तळव्याला कळतो. दिल्याशिवाय दुसऱ्याच्या बाजूला हात लावायचा नाही. असे दोघांचे तळवे फिरले की दोन्ही बाजू एक व्हायच्या.

त्या गाडीवरून मात्र आमचं कडाक्याचं भांडण झालं. इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. त्यामुळे गाडीचं नाक बुटकं आणि सगळं वजन कमरेपाशी. मागे कोंडलेल्या इंजिनाला हवा लागते, म्हणून दारामागे दोन्हीकडे एकेक तोंड. माझं म्हणणं, ते तोंड मिटलेल्या ओठांसारखं बारीक हवं. तो म्हणाला, "देखणी होईल, पण धापा टाकेल." तोंडामागून चाकाकडे जाणाऱ्या रेषेवरूनही तेच. मला ती शेवटी हलकेच खाली उतरायला हवी होती. त्याला सरळ हवी होती. "उतरली की गाडी दमल्यासारखी दिसते," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघून काढली असेल," मी म्हणाले. झालं! अबोला सुरू.

अबोला कसला, पोरखेळ. घरी सासूबाई मध्ये. "त्याला सांगा, चहा गार होतोय." तो माझ्यापासून दोन हात अंतरावर बसलेला. सासूबाई आपल्या जागेवरून न हलता म्हणायच्या, "ऐकलंस ना? की मी पण सांगू?" कामावर मोठे साहेब मध्ये. त्यांना वाटायचं, नवीन लग्न आहे, लाजत असतील. आणि संध्याकाळी तो हात धुऊन सरळ निघून जायचा. त्याने बाजू दिली नाही, मी मागितली नाही. मी माझी बाजू दिली होती का? मुळीच नाही. माझं नाक काय कमी होतं!

त्या मातीवरून साचे निघाले, त्यांवर पत्रा ठोकला गेला आणि गाडी उन्हात आली. साहेब पुढून चालत गेले, मागून आले, पुन्हा पुढे गेले. "हा काय प्रकार? दोन तोंडं दोन तऱ्हेची?"

"त्याला विचारा," मी म्हणाले.

"तिला विचारा," तो म्हणाला.

सगळं खातं खो खो हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी किल्ली नवऱ्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "दोघं बसा आणि फेरी मारून या. बोलल्याशिवाय परत यायचं नाही."

ती फेरी मी अजून विसरलेले नाही. बूड रस्त्याला टेकतंय की काय इतकं खाली बसायचं, पाय लांब सोडून. पाठीमागे इंजिनाची ऊब, डोक्यामागे एवढीशी काच आणि काचेपलीकडे सगळा गडगडाट. पुढे नाक दिसतच नाही, नुसता रस्ता. मध्ये बोलायला सासूबाई नाहीत, साहेब नाहीत. चाचणीच्या रस्त्यावर पहिल्या वळणाला मी दाराची कडी घट्ट धरली. गाडी कलली नाही, झोल खाल्ला नाही, आमच्या कमरेभोवती फिरावी तशी फिरली आणि सुटली. मला हसू आवरेना. सरळ रस्त्यावर त्याने पाय दाबला आणि माझ्या डाव्या कानामागे एक बारीक शीळ सुरू झाली. त्याच्या त्या खोल तोंडातून हवा आत शिरत होती.

"ऐकू येतंय का?" तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी.

"येतंय. तुझ्या बाजूने," मी म्हणाले.

आम्ही बोलत परत आलो, पण गाडीचं व्हायचं ते झालंच. साहेबांना बारीक तोंडच आवडलं. विकायच्या गाड्यांसाठी माझी उजवी बाजू उलटवून डावीकडेही तीच घेतली. पहिला नमुना लगेच कुणा हौशी माणसाला विकून टाकला. पुढे रस्त्यात कधी आमची गाडी दिसली की नवरा मला कोपर मारायचा. "बघ, दोन्हीकडून तूच." त्यात कधी खोच नव्हती. मला मात्र दर वेळी कुठेतरी टोचायचं आणि मी विषय बदलायचे.

पत्रेवाल्याच्या शेडमध्ये गाडी दिव्याखाली उभी होती. इतकी बुटकी होती का ही? छत माझ्या पोटापर्यंतसुद्धा येईना. डाव्या बाजूवर, दारापासून चाकापर्यंत, त्याने खडूने कापायची रेघ मारून ठेवली होती.

"बसा ना, मॅडम," तो म्हणाला. चाळिशीचा असेल, कानावर पेन्सिल खोचलेली.

"बसेन, पण गाडीत. इंजिन चालतंय ना? चल, फेरी मारू."

"अहो, ब्रेक अजून..."

"धरतात का?"

"धरतात, पण..."

"मग चल."

मला गाडीत बसवताना आम्हा दोघांचेही हाल झाले. गुडघे आता माझं ऐकत नाहीत. पण बसले, पाय लांब केले आणि पाठीला ती ऊब लागली तेव्हा मला रडू फुटलं. पत्रेवाला भला माणूस, त्याने समोर बघून गाडी हाकली. वस्तीबाहेरचा सरळ रस्ता लागला तसं मी म्हटलं, "आता दाब."

त्याने दाबलं. नुसताच गडगडाट. मी कान टवकारून बसले. काहीच नाही. माझ्या मनात आलं, इतक्या वर्षांत खरंच कुणी तिथे ठोकपीट केली असेल तर? "अजून दाब," मी म्हणाले. आणि मग माझ्या कानामागे ती बारीक शीळ सुरू झाली.

पत्रेवाल्याने मान वळवली. "मी या गाड्या पुष्कळ चालवल्यात. हा आवाज कधी ऐकला नाही."

"मग अपघाताने कुणी असं तोंड करेल?"

"नाही. हे मुद्दाम केलंय," तो म्हणाला.

शेडमध्ये परत आलो. मी डाव्या बाजूपाशी उभी राहिले आणि हात पुढे जाईना. बाजू द्यायला कुणी नव्हतं. शेवटी मी पत्रेवाल्यालाच म्हटलं, "म्हण, बाजू घे."

त्याला काही कळलं नाही, पण तो म्हणाला, "घ्या, मावशी. बाजू घ्या."

मी डोळे मिटले. तळहात दारावरून पुढे गेला, त्या खोल तोंडाच्या काठावरून फिरला. काठ मऊ, आत वळलेला, अगदी त्याच्या म्हणण्यासारखा. मग त्याची सरळ रेषा लागली. तिच्यावरून हात चाकाकडे नेला आणि चाकाच्या अलीकडे तो हलकेच खाली उतरला. मी परत मागे आले, पुन्हा नेला. पुन्हा उतरला. डोळ्याला दिसणार नाही एवढीच उतरण, पण माझी. अबोल्याच्या त्या दिवसांत, तोंडाने अवाक्षर न काढता, त्याने माझी रेषा आपल्या बाजूला घेतली होती. आणि पुढे जन्मभर मला सांगितलंही नव्हतं.

"मावशी, बरं वाटतंय ना?" पत्रेवाल्याने विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि गाल पुसले.

तो डोकं खाजवत उभा राहिला. "पण मालकाला दोन्ही सारख्या हव्यात. एक तर कापावीच लागणार. मग बाजू घ्यायची कुणाची?"

"त्याची," मी म्हणाले. "माझी काप. माझ्या बाजूच्या गाड्या रस्त्यावर पुष्कळ आहेत."

त्याने कानावरची पेन्सिल काढून खिशात टाकली. मग म्हणाला, "राहू दे दोन्ही. मालकाला मी सांगतो, ही जन्मापासून अशीच आहे."

मी खडूची रेघ तळव्याने पुसून टाकली. भांडणात मी कधीच त्याची बाजू घेतली नव्हती. आज घेतली, तर ऐकायला तो नव्हता.