गाडी सकाळी धूर मारते

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत. 'ड्रायव्हरच्या हलगर्जीपणामुळे शासकीय वाहन सकाळी वेळेवर सुरू होत नाही', असा मेमो काढलात. जे कागदावर लिहायची हिंमत झाली नाही ते व्हरांड्यात चार माणसांसमोर बोललात, की या लोकांना लवकर उठायचं वळणच नाही. खुलाशाला तीन दिवस दिलेत. खुलासा पटला नाही तर गाडी काढून घेणार आणि वाडीच्या गोदामावर चौकीदार म्हणून बसवणार. म्हणजे गॅरेजमागची खोलीही जाणार. त्या खोलीत तुमच्या ड्रायव्हरचं, शालिकरामचं, काय आहे ते तुम्ही विचारलं नाहीत.

एक चूल आहे. आषाढात त्याची बायको कौसल्या वारली तेव्हापासून ती चूल पेटली नाही. शालिकराम सदर बाजारातल्या हॉटेलात जेवतो आणि खोलीत येऊन नुसता पडतो. पोरगी उमरेडला, तिच्या संसारात. तरी त्या चुलीसमोर झोपला की त्याला डोळा लागतो, दुसरीकडे लागत नाही. एवढंच आहे तिथं.

मेमो मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी तो साडेपाचला उठला, म्हणजे रोजच्याच वेळेला. अंगाला शाल गुंडाळून त्यानं अँबॅसेडरचं बोनेट उघडलं. त्र्याऐंशीचा डिसेंबर होता आणि पत्र्याला हात लावला तर चटका बसावा असा गारठा. डिझेलची गाडी. त्या इंजिनात ठिणगी नसते, गरम हवेत डिझेल आपोआप पेटतं. थंडीत ती हवा तापवायला बोटाएवढे चार हीटर प्लग असतात. किल्ली डावीकडे धरून तीस आकडे मोजायचे, मग स्टार्टर मारायचा.

त्यानं तीस मोजले. स्टार्टर मारला. इंजिन खडखडून फिरलं, पण पेटलं नाही.

फिरतंय म्हणजे बॅटरी ठीक. मागं जाऊन पाहिलं तर सायलेन्सरमधून पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास. म्हणजे डिझेल आत पोचतंय, पंपही ठीक. पोचतंय पण पेटत नाही. आणि दुपारी हीच गाडी पहिल्या किल्लीला उठते. मग कमी पडते ती ऊब. डॅशबोर्डवर हीटरचा लाल दिवा तर लागत होता.

कोणते प्लग तापतात ते हातानं पाहायला दोन माणसं लागतात. एकानं किल्ली धरायची, दुसऱ्यानं बोट लावून पाहायचं. शिपाई नत्थू फाटक उघडायला आला होता.

"नत्थू, दोन मिनिटं किल्ली धर गा."

"मले नको ओढू त्याच्यात. साहेबानं पाहिलं तर माह्याही नावाचा कागद निघन."

"किल्लीच धराची आहे, बॉम्ब नाही."

"तुह्या गाडीले धक्का देऊन देऊन माही कंबर गेली. वरून तू मले मेकॅनिक बनवून राहिला. कौसल्यावहिनी धरत होती ना किल्ली?" एवढं बोलून नत्थू थांबला. खाली पाहत म्हणाला, "चहा पाठवतो तुले," आणि निघून गेला. चहा काही आला नाही.

कौसल्याच धरत होती. दोन हिवाळे. पहाटे चूल पेटवायची, भगुन्यात पाणी उकळायची, जुन्या लुगड्याचं फडकं त्यात बुडवायची आणि वाफाळतं फडकं आणून इंजिनाच्या हवेच्या नळीवर पसरायची. मग सीटवर बसून किल्ली धरायची, मोठ्यानं आकडे मोजत. साठपर्यंत.

"काहून वं, गाडी का बाळंतीण आहे, शेक द्याले?"

"तिले थंडी वाजते. तुम्हाले नाही समजत."

तो हसायचा. साठाला स्टार्टर मारला की गाडी उठायची, आणि तो म्हणायचा, पाहा, माझी गाडी. फडक्याला त्यानं कधी मोजलंच नाही. बाईचं खूळ समजला. म्हणूनच या हिवाळ्यात ते पुढं चालवायचं त्याच्या डोक्यात आलं नाही.

आता एकट्यानंच करायचं होतं. चारही प्लग जोडणारी पितळी पट्टी त्यानं काढली. बॅटरीच्या एका टोकाला वायर लावली, मध्ये बल्ब, आणि वायरीचं दुसरं टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवलं. बल्ब लागला तर प्लग जिवंत. पहिला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला बल्ब लागला. चौथा, काही नाही.

मेलेले तीन त्यानं खोलून काढले. टोकांवर काजळीचे टणक गोळे. नुकते गेलेले नव्हते ते. दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात त्यानं वहीत तक्रार लिहिली होती, 'गाडी सकाळी धूर मारते, हीटर पाहावे'. वर्कशॉपवाल्यांनी गाडी भर दुपारी नेली, लाल दिवा लागतो एवढं पाहिलं आणि लिहून टाकलं, 'तपासले, ठीक आहे'. थंडीचं दुखणं उन्हात तपासलं. खाली सही तुमची आहे, साहेब.

तिसऱ्या दिवशी पहाटे, फडक्यानं खरंच फरक पडत होता का ते पाहायला, त्यानं तेच मेलेले प्लग परत बसवले. मग चुलीसमोर बसला. सहा महिन्यांची राख उपसली. काड्या ओल्या होत्या, फुंकून फुंकून डोळ्यांतून पाणी आलं. धुरानंच आलं असं समजा. लुगड्याचं फडकं ट्रंकेत घडी करून ठेवलेलं होतं, त्याला डिझेलचा डाग. पाणी उकळलं, फडकं नळीवर टाकलं, तो आत जाऊन बसला आणि किल्ली धरली. दहा आकडे मोठ्यानं मोजले. उरलेले पन्नास मनात मोजले.

गाडी पहिल्या किल्लीला उठली.

तो उतरला नाही. इंजिन गरम होऊन फडकं वाळेपर्यंत तसाच बसून राहिला, बाजूच्या रिकाम्या सीटकडे न पाहता.

अकरा वाजता परत खोलून काढलेले तीन काळे प्लग, तक्रारीची वही आणि स्वतःच्या हातचा खुलासा, असं सगळं त्यानं तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही खुलाशाच्या दोन ओळी वाचल्यात. प्लग पेन्सिलीनं बाजूला सारलेत, काच खराब होईल म्हणून.

"ठीक आहे. नवीन बसवून घ्या. जा."

"मेमो, साहेब?"

"बघू. फाइल वर गेली आहे."

शालिकराम हलला नाही. बावीस वर्षांच्या नोकरीत तुम्ही 'जा' म्हटल्यावर तो पहिल्यांदा उभा राहिला.

"प्लग दोन साल झाले मेले. वहीत तारीख आहे, तुमची सही आहे. तरी दोन हिवाळे तुम्ही रोज टायमावर दौऱ्याले गेले. ही गाडी कोण चालू करून राहिलं होतं, साहेब? वर्कशॉपनं नाही. तुम्ही नाही. मीही नाही, हे मले आज सकाळी समजलं. तिचं नाव खुलाशात तिसऱ्या ओळीत आहे, तुम्ही दोनच वाचल्या. तिसरी वाचा, आन् मले सांगा, उशिरा कोण उठलं? मी लिहून दिलं. मेमो परत घेतला म्हणून तुम्हीबी लिहून द्या. मी इथंच उभा आहो."