ती घूं माझी नव्हती

मित्रांनो, मी कॉम्प्युटरला लावायचा माईक आहे. जुना आहे हे कबूल. माझ्या डोक्यावरचा काळा स्पंज एका बाजूनं झिजलाय, मान जरा कलली आहे आणि तारेला एके ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. पण मी बिघडलेला नाही. हे आधीच ठणकावून सांगतो, कारण राहात्याजवळच्या एका वस्तीवर माझ्यावर जो खोटा आळ आला, तो आठवला की आजही माझी तार ताठ होते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका बाईनं माझ्या पोटात बोटाच्या पेराएवढी डबी बसवली, मला तपासणीच्या यंत्राला जोडलं आणि टिचकी मारली. काटा हलला, मी पास झालो. तेव्हापासून माझं काम एकच. समोर जो आवाज असेल तो जसाच्या तसा पुढं पाठवायचा. पदरचं काही घालायचं नाही, आणि ऐकलेलं लपवायचं नाही.

श्रीरामपूरच्या एका दुकानातून मला भागवतरावांनी त्यांच्या मुलीसाठी घेतलं. तिचं नाव निकिता. तेव्हा कॉलेजं बंद होती आणि वर्ग कॉम्प्युटरवर भरायचे. निकिता धडा वाचायला लागली की सर म्हणायचे, "वा! हिचा आवाज किती स्वच्छ येतो." मला तेव्हा वाटायचं, यातलं अर्धं कौतुक माझं आहे. पुढं कॉलेजं उघडली आणि मी ड्रॉवरमध्ये गेलो. तिथं संपलेले सेल, रबरबँड आणि एक तुटकी कंपासपेटी अशी माझी संगत होती. कोणी विचारपूस केली नाही. मी धूळ खात राहिलो, पण कुरकुर केली नाही.

निकिताचं लग्न झालं. राहात्याकडच्या हर्षलच्या घरी ती गेली, तेव्हा कॉम्प्युटरबरोबर मीही गेलो. पेरूच्या बागेला लागून घर, मागं गोठा, गोठ्यापलीकडं पाण्याचा हौद. घरात सासरे बन्सीनाना आणि सासूबाई चांगुणाबाई. हर्षल दूध संकलन केंद्रावर काम करायचा.

तिथं निकिताला मनासारखं काम मिळालं. नगरला दृष्टिहीन मुलांची एक शाळा होती. त्या मुलांसाठी पुस्तकातले धडे वाचून ध्वनिमुद्रित करायचे. आधी वाचणारे गुरुजी परगावी गेले होते आणि मुलांचे धडे अडले होते. शाळेच्या पूजा मॅडम फोनवर म्हणाल्या, "पहिले काही धडे पाठवा. मुलांना आवडले तर वर्षभर तुम्हीच वाचा."

निकिता पुढच्या खोलीत दार लावून बसली. मला पुसलं, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याशी बोलत होतं! मी एकेक शब्द जपून पुढं पाठवला. पण धडा निम्म्यावर आला आणि तारेतून काहीतरी शिरलं. घूंऽऽऽ. निकिताला ते बोलताना ऐकू आलं नाही. मला मात्र स्पष्ट जाणवलं. आणि जे आलं ते पुढं पाठवायचं हा माझा धर्म. मी पाठवलं.

दोन दिवसांनी पूजा मॅडमचा फोन आला. "निकिताताई, वाचन छान आहे हो. पण मागं घूं घूं असा आवाज आहे. आपली मुलं कानांनीच बघतात. आमची संस्कृती म्हणून एक विद्यार्थिनी आहे, तिचं डोकं दुखायला लागलं."

मग मागून त्या मुलीचाच आवाज आला, "ताई, तुमच्या मागं कुणीतरी बसलंय का हो? तुम्ही वाचताना ते गुणगुणतं."

निकिताचा चेहरा उतरला. तिनं पंखा बंद केला. मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवला. मला कॉम्प्युटरच्या डब्यापासून लांब सरकवलं आणि तोंडाजवळ घेतलं. सेटिंगमध्ये जाऊन माझा आवाज कमी केला. घूं कधी यायची, कधी आपोआप जायची, पुन्हा यायची.

हर्षलनं मला उचलून उलटंपालटं केलं. "अगं, माईक म्हातारा झालाय. फेकून दे याला." त्यानं मला राहात्याच्या एका दुकानात नेलं. दुकानदारानं मला कुठं जोडूनही पाहिलं नाही. झिजका स्पंज बघितला आणि म्हणाला, "गेला हा. नवीन घ्या."

गेला? मी? मला एकदा जोडून तर बघायचं! पण माईकला स्वतःची बाजू मांडायला जीभ नसते. त्याला फक्त कान असतात.

हर्षलनं कॉम्प्युटरमध्ये आवाज गाळणारं सॉफ्टवेअर टाकलं. ते म्हणजे माझ्या तोंडात बोळा कोंबणं होतं. घूं कमी झाली, पण तिच्याबरोबर निकिताचे 'स' आणि 'श'ही गेले. 'शशी' वाचलं की 'अई' ऐकू यायचं. संस्कृतीनं निरोप पाठवला, "ताई पाण्याखालून बोलतात." पूजा मॅडम संकोचून म्हणाल्या, "परीक्षा जवळ आली आहे. या रविवारपर्यंत जमलं नाही तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल."

तेव्हा हर्षलनं नवा माईक आणला. काय त्याचा थाट! चकचकीत दांडी, गोल बैठक. मला काढून खिडकीत टाकलं आणि त्याला माझ्या जागी जोडलं. निकितानं वाचायला सुरुवात केली. थोड्या वेळानं थांबली, हेडफोन लावला आणि ऐकलं.

घूंऽऽऽ.

खरं सांगतो, मित्रांनो, खिडकीत पडल्यापडल्या मला फार बरं वाटलं.

हर्षल म्हणाला, "हाही खराब निघाला. बदलून आणतो."

"थांबा," निकिता म्हणाली. "दोन माईक, दोघांचा एकच आवाज? दोष माईकचा नाही. आधी त्याला दोष देणं बंद करू."

तिनं नवा माईक काढून मला परत जोडलं. त्या क्षणी मी ठरवलं, आता कुणी कितीही दाबलं तरी जे आहे ते सांगायचंच.

निकितानं यूपीएसचा प्लग भिंतीतून उपसला. यूपीएस पीं पीं करून ओरडायला लागला, कॉम्प्युटर बॅटरीवर चालू राहिला, आणि दोन पिपाण्यांच्या मध्ये काय असावं? शांतता. नुसती स्वच्छ शांतता. प्लग परत लावला की घूं हजर.

"भिंतीतून येतंय," ती स्वतःशीच म्हणाली. सवयीनं तिनं कॉम्प्युटरच्या लोखंडी डब्यावर हात टेकला आणि झटकन मागं घेतला. हाताला मुंग्या आल्या होत्या. पायात चप्पल नव्हती.

तेवढ्यात गोठ्याकडून आरडाओरडा ऐकू आला. चांगुणाबाई दंड चोळत आत आल्या. त्यांच्या मागं बन्सीनाना रागानं लाल झालेले.

"आज पुन्हा लाथ मारली लालीनं," चांगुणाबाई म्हणाल्या. "दुधाची बादली उपडी केली. पान्याला तोंड लावती अन् उड्या मारती. पयली अशी न्हवती गं ती."

"आता लई झालं," बन्सीनाना म्हणाले. "येत्या बाजाराला घोडेगावला न्यायची अन् इकून टाकायची. उद्या तुझ्या छातीत लाथ बसली म्हंजी?"

लाली ही त्यांची गाय. चांगुणाबाईंनी तिला वासरू असल्यापासून वाढवलेली. त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

निकितानं विचारलं, "आई, ती पाणी पितानाच उडी मारते?"

"व्हय. रोजच न्हाई, पन लई येळा. मला बी तितल्या नळाला हात लावला की मुंग्या येत्यात. म्या म्हनलं, वय झालं."

निकितानं माझ्याकडं बघितलं, मग आपल्या तळहाताकडं. हौदावरची मोटर आपोआप चालणारी होती. गाईनं पाणी प्यायलं, हौदातलं पाणी खाली गेलं, की ती सुरू व्हायची. हौद भरला की बंद. पुढच्या खोलीत तिचा आवाज येत नसे.

"आई, त्या नळाला आता हात लावू नका. लालीलाही तिकडं सोडू नका. नाना, मोटरचं मेन बटण बंद करता?"

"कशापायी?"

"माझ्या माईकमधला आवाज आणि लालीची लाथ एकच आहे असं मला वाटतंय."

बन्सीनाना हसले. "गायीचा अन् कॉम्प्युटरचा काय संबंध गं पोरी?"

"नसेल तर लालीला खुशाल बाजारात न्या. मी आडवी येणार नाही. पण आधी बघू तर द्या."

हर्षल गोंधळला होता, पण बायकोचा आवाज ऐकून तोच उठला. त्यानं पायात चप्पल घातली आणि घरातून मोटरचं बटण बंद केलं. निकिता माझ्यासमोर बसली होती. घूं जशी आली होती तशी गेली. एखादी माशी उडून जावी तशी.

गोठ्यात काय झालं ते मी नंतर ऐकलं. चांगुणाबाईंनी लालीला पाण्यावर नेलं. लालीनं आधी मान मागं घेतली. मग हुंगलं. मग तोंड लावलं आणि प्यायला लागली, घटाघटा, थांबायचं नावच घेईना. नंतर दूध काढून होईपर्यंत पाय हलवला नाही तिनं.

बन्सीनाना गोठ्याच्या दाराशी उभे होते. ते म्हणाले, "म्या हिला काठीनं मारलं हुतं, चांगुणा."

गोरक्षनाथ वायरमन आला. त्यानं सगळा प्रवाह बंद करून तपासलं. मोटरच्या आत ओल शिरली होती, वीज तिच्या अंगावर उतरत होती. ती जमिनीत जायला हवी, पण अर्थिंगची तार खड्ड्यात गंजून तुटलेली. मग तीच वीज नळातून हौदाला, गोठ्याच्या पाइपांना आणि घरातल्या प्रत्येक सॉकेटच्या तिसऱ्या भोकात पसरत होती, तिथून कॉम्प्युटरच्या डब्यात आणि माझ्या तारेतही. गाय ओल्या जमिनीवर चार उघड्या पायांवर उभी, तिला झटका सगळ्यात जास्त बसायचा.

"वहिनी, वेळेवर बोलावलंत," तो म्हणाला. "ओल आणखी वाढली असती, तर नळाला हात लावणारं माणूस तिथंच चिकटलं असतं."

तो नळ दिवसातून कितीदा चांगुणाबाईंच्या हातात असायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

नवा खड्डा खणला. तांब्याची पट्टी, मीठ, कोळसा घालून अर्थिंग केलं, मोटर दुरुस्तीला गेली, आणि सोबत विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारं बटणही बसलं. रविवारी निकितानं धडा पहिल्यापासून वाचला. नव्या माईकवर नाही, माझ्यावर! हर्षलनं स्वतः मला जागेवर ठेवलं. "चूक झाली बाबा," तो माझ्याकडं बघून पुटपुटला. मी ते मुद्रित करायला तयार होतो, पण निकितानं बटण दाबलं नव्हतं.

संध्याकाळी संस्कृतीचा आवाज आला, "ताई, ते गुणगुणणारं माणूस गेलं वाटतं. आता तुम्ही एकट्याच आहात."

पण माझी आवडती आठवण त्यानंतरची आहे. चांगुणाबाई एक दिवस माझ्यासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "निकिता, वस्तीच्या ग्रुपवर टाकायला माझं बोलनं घे." मला हातात घट्ट धरून, अगदी तोंडाला लावून त्या बोलल्या, "ऐका गं बायांनो. गाय लाथ मारत आसंल तर तिला मारू नका. नळाला मुंग्या येत आसतील तर वय झालं म्हनून बसू नका. मोटार बंद करा अन् वायरमन बोलवा."

नेमकी तेव्हाच मागं लाली मोठ्यानं हंबरली.

"आई, मागचा आवाज आला. पुन्हा घेऊ?"

"कशाला?" चांगुणाबाई म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे. लोकांना तिचं बी ऐकू दे की."

मित्रांनो, मला पावसात ठेवू नका, माझी तार धरून ओढू नका, पिन धरून काढा. एवढी काळजी पुरे आहे मला. पण माझ्यातून नको तो आवाज आला, तर माझ्या तोंडात बोळा कोंबू नका. घरातल्या मोठ्यांना हाक मारा आणि तो कुठून येतो ते शोधा. कुणी ओरडत असेल, लाथ मारत असेल, घूं घूं करत असेल, तर त्याला खराब ठरवायची घाई करू नका. आणि मला गप्प बसायला सांगाल, तर आत्ताच ऐकून ठेवा. ते मला जमत नाही, आणि जमवायचंही नाही.