हिरव्या लुगड्याची गाठ

शिंक ही किती दुष्ट गोष्ट आहे, हे पोटावर टाके पडल्याशिवाय कळत नाही. खोकला तिचा सख्खा भाऊ, आणि हसू तर दोघांचा बाप.

रत्नागिरीच्या दवाखान्यात माझं सिझेरियन झालं आणि लेकीला घेऊन मी पूर्णगडला सासरी आले. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरचं, पण लांज्याला माझ्या आईचाच पाय प्लास्टरमध्ये. म्हणजे मी आयतीच सासूबाईंच्या तावडीत. गुणवंतीबाई! बंदरावर यांनी म्हावऱ्याचा भाव सांगितला की गिऱ्हाईक घासाघीस विसरतं. मन चांगलं आहे हो, पण जिभेला धार फार.

“अगो दीपाली, उठ की! कळा कुठं दिल्यास तू? झोपवलं नि पोर हातात दिलं. दुखायचं काय त्यात?”

टाक्यांपेक्षा हेच जास्त लागलं मला. कूस बदलतानासुद्धा जीव जातोय, आणि दुखतं म्हणायची चोरी!

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं : खोकताना-शिंकताना पोटाशी उशी धरा, कुशीवर वळून उठा, घरातल्या घरात थोडं चाला, टाक्यांवर काही आवळू नका. सासूबाईंनी सगळ्याला मान डोलावली, आणि घरी येताच बाजेखाली शेगडी सरकवली. निखाऱ्यांवर ओवा नि बाळंतशेपा. शेक बरा वाटला, खोटं कशाला बोलू! पण धूर थेट नाकात.

“आता पोट बांधू,” असं म्हणून त्यांनी ट्रंकेतून हिरवं लुगडं काढलं. सासऱ्यांनी लग्नानंतर हौसेनं आणलेलं. ते गेल्यापासून त्याला कुणी हात लावायची सोय नव्हती.

“डॉक्टर आवळू नका म्हणाल्यात,” मी पुटपुटले.

“डॉक्टर येणार हाय काय तुझं सुटलेलं पोट आत ढकलायला?”

सासूबाईंच्या अंगठ्यात शिंगाळा माशाचा काटा घुसून तो टम्म सुजलेला. म्हणून बांधायला त्यांनी रघूला हाक मारली. रघू माझा नवरा. होडीवर वाघ, आईपुढे मांजर. लाजत लाजत त्यानं लुगड्याचे वेढे दिले नि हाताला सवयीची एकच गाठ होती ती मारली. होडी खुंट्याला बांधतात ती.

तेवढ्यात मला शिंक आली. आई गं! डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि गाठ करकचून आवळली.

“सोड रे मेल्या!” सासूबाई ओरडल्या.

“सुटत नाय आये. ओढली की आवळते ती. अशी सुटली तर होडी जाईल ना वाहत!”

“होडी नाय ही, बायको हाय तुझी!”

मला हसू फुटलं. हसले तशी गाठ आणखी रुतली. “मला हसवू नका हो!” म्हणून मी रडायलाच लागले.

सासूबाई तरातरा गेल्या आणि मासे कापायचा सुरा घेऊन आल्या. रघूचा चेहरा पांढराफटक. हातात सुरा, समोर ते लुगडं. त्या जराशा थांबल्या. मला वाटलं, आता परत गाठीशीच झटणार. पण नाही, त्यांनी सुरा आत सरकवला आणि लुगडं टर्रकन कापलं.

दवाखान्यात पट्टी होती, त्यामुळे टाके त्यांनी पाहिलेच नव्हते. या टोकापासून त्या टोकापर्यंत लाल, सुजलेली रेघ. त्या बघतच राहिल्या.

“पापलेटाला पण मी एवढं कापत नाय गो,” एवढंच म्हणाल्या. शेगडी उचलून अंगणात ठेवली आणि कापलेलं लुगडं घेऊन माजघरात गेल्या. मला धडकीच भरली. एवढं जिवापाड जपलेलं लुगडं माझ्यापायी गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सोनूबाई बाळ बघायला आल्या. टेकल्या-टेकल्या सुरू, “सिझर म्हणजे मजाच बाई! कळा नाय, काय नाय.”

मी भीत भीत सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचंच की हे बोलणं!

“सोनू,” सासूबाई म्हणाल्या, “आडवी हो या बाजेवर. मी सुरा आणते. बघू कशी मजा येते ती.”

सोनूबाई चहा न घेताच उठल्या. मला हसू आवरेना, आणि टाक्यांतून कळ उठली. तेवढ्यात मांडीवर काहीतरी येऊन पडलं. लहानशी हिरवी उशी. त्याच लुगड्याची, आत सावरीचा कापूस. शिवण वाकडीतिकडी, सुजलेल्या अंगठ्यानं घातलेली.

“पोटाशी धर, नि मग काय हसायचं ते हस.”

मी उशी दाबून धरली आणि हसले. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

सासूबाई जवळ येऊन बसल्या. “दुखतंय?”

“दुखतंय हो, आई.”

“दुखणारच,” त्या म्हणाल्या.