खालचा बोल्ट

टेपचं तोंड नखाला लागत नव्हतं. निळ्या कागदी टेपची गुंडाळी हातात फिरवत हिमानी अंगठ्याचं नख तिच्यावरून पुन्हा पुन्हा नेत होती आणि दर वेळी ते गुळगुळीत सरकून जात होतं — काल केयूरनेच वापरून ती घट्ट दाबून ठेवली असणार, तो कुठल्याच गोष्टीचं तोंड मोकळं ठेवत नाही... समोर पोर्चमध्ये स्टँडवर लाल मोटारसायकल उभी होती. आरसे आणि नंबरप्लेट काढल्यामुळे ती कुणीतरी भादरून ठेवल्यासारखी दिसत होती. हेडलाइटवर टेपच्या फुल्या मारायच्या होत्या, मागच्या दिव्यावर, इंडिकेटरवरही; म्हणजे गाडी पडली तर काचा ट्रॅकवर पसरत नाहीत. हे सकाळी चहा पिताना केयूरने तिला समजावून सांगितलं होतं, आणि 'पडली तर' हे दोन शब्द त्याने घाईघाईने, जीभ पोळल्यासारखे उच्चारले होते.

संध्याकाळी टेम्पो येणार होता. आणखी दोघांच्या गाड्यांबरोबर ही गाडी चेन्नईजवळच्या रेस ट्रॅकवर जाणार होती आणि तिच्या मागोमाग रेल्वेने केयूर — शेंद्र्याच्या कारखान्यातला मॅनेजर, रक्तदाबाची गोळी नुकतीच सुरू झालेला, तिचा नवरा. हौशी लोकांना रेस ट्रॅकवर आपली गाडी पळवू देतात, तो आयुष्यातला पहिला ट्रॅक डे. हे शब्द तो गेला महिनाभर असे उच्चारत होता की कॉलनीतल्या लोकांना वाटावं, घरात मुंज आहे.

टेपचं तोंड एकदाचं सापडलं. तिने पहिली पट्टी काचेवर ताणून लावली.

पाण्याचे कॅन तिथेच, भिंतीशी होते. गाडीतलं हिरवं कूलंट सांडलं तर ट्रॅक निसरडा होतो, म्हणून ते काढून रेडिएटरमध्ये साधं शुद्ध पाणी भरायचं, असा तिथला नियम होता. केसरबाई सकाळी भांडी घासायला आली तेव्हा त्या कॅनपाशी थबकली होती.

"ताई, हे कशाचं पाणी?"

"गाडीचं."

"गाडी बी पाणी पेती व्हय?" केसरबाई हसली, पण कॅनवरची तिची नजर हलली नाही. "आमच्या वस्तीवर परवापासनं टँकर नाय. त्यातलं एखादं..."

"ते प्यायचं नसतं, केसरबाई. बॅटरीत घालायचं पाणी आहे ते."

"बरं."

मग हिमानीने तिला टाकीतली एक कळशी भरून दिली, आणि कळशी भरताना तोटी जरा लवकरच बंद केली — हे आपल्या हाताने केलं, आपण नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. शहराच्या कडेला, बीड बायपासच्या या बाजूला, सातारा गावाच्या डोंगराखाली, घरं आधी आली होती आणि नळ अजून यायचे होते. जायकवाडी धरणात यंदा गाळच उरलाय, असं पेपरात रोज येत होतं. मनस्विनीला, त्यांच्या मुलीला, सुट्टी लागताच नाशिकला मावशीकडे धाडलं ते आंबे खायला नव्हे, तिथे नळाला रोज पाणी येतं म्हणून. आणि तरी काल संध्याकाळी केयूरने बादल्या भरभरून गाडी धुतली होती, शेजारचे नानासाहेब गॅलरीतून बघत असताना. मळक्या गाडीला तपासणीत पास करत नाहीत म्हणे. नानासाहेबांनी आत जाऊन दार लावून घेतलं, तेवढा आवाज हिमानीला ऐकू आला. केयूरला आला नाही. त्याला असले आवाज येत नाहीत.

तो आत फोनवर बोलत होता. ऋतुराजशी — कारखान्यातलाच, त्याच्याहून बराच लहान, दोनदा ट्रॅकवर जाऊन आलेला. खिडकी उघडी होती.

"नाही रे, आमच्या घरात कुणालाच हा नाद नव्हता. सगळे लूनावाले आणि स्कूटरवाले. गाडीला हात लावणारा मीच पहिला... बायको? छे! ती बिचारी टेप लावतेय बाहेर."

बिचारी टेप लावतेय. हिमानीने हातातली पट्टी दाताने तोडली.

खोटं बोलत नव्हता तो, हेच तर. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. खोटं बोलायला खरं आठवावं लागतं. तो विसरला होता. पदमपुऱ्यातल्या गल्लीत बाबांची राजदूत मोटारसायकल रेटत बाहेर काढणारी मुलगी, कॉलेजच्या पार्किंगमध्ये जिच्याकडे शिपाईसुद्धा वळून बघायचे ती, आणि विद्यापीठाच्या मागच्या चढावर तिच्या मागे बसून "हिमानी, हळू, हळू ना" म्हणणारा, तिच्या खांद्यांना घट्ट धरलेला एक किडकिडीत मुलगा. क्लच कसा सोडायचा ते त्याला कुणी शिकवलं? तळवा असा हळूहळू उघड, मुठीत चिमणी असल्यासारखा, असं कुणी सांगितलं? ते वाक्य तो आता मनस्विनीला कार शिकवायच्या गोष्टी करताना स्वतःचं म्हणून वापरतो.

आणि शेंद्र्याची ती शर्यत. तेव्हा तिथे कारखाने नव्हते, नुसता माळ, बाभळी आणि मध्ये मुरमाचा आखलेला गोल रस्ता. कुठल्याशा क्लबने मोटारसायकलींची शर्यत ठेवली होती आणि हिमानीने त्यात नाव दिलं होतं. पहाटे बाबांबरोबर जाऊन ती सराव करत होती. बाबा ट्रेझरीत कारकून, मान मोडून काम करणारा माणूस, पण गाडीपाशी आले की वेगळेच व्हायचे. लग्न तोंडावर आलं होतं. आणि केयूर म्हणाला होता — किती मऊ आवाजात म्हणाला होता — "पडलीस तर? आईला मी काय सांगू?" तिने नाव काढून घेतलं. बाबांनी पुढच्याच वर्षी राजदूत विकून टाकली. पुढे मनस्विनी, तंत्रनिकेतनातली नोकरी, स्कूटी, स्कूटीच्या पायाशी भाजीची पिशवी... आणि जिथे ती वळण घ्यायला शिकली त्याच माळावर आता केयूरची केबिन आहे. एसी आहे तिथे.

ती गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. केयूरने काल रात्री व्हिडिओ बघून ब्रेकची पॅडं स्वतः बदलली होती. त्याचा त्याला फार अभिमान वाटत होता. ब्रेकचा तो लोखंडी जबडा, कॅलिपर, चाकाच्या डाव्या अंगाला दोन बोल्टांनी धरलेला असतो. तिला त्याच्याशी काही करायचं नव्हतं. बोटं आपोआप गेली. बाबा असेच जायचे, गाडीभोवती एक फेरी मारून एकेका बोल्टवर बोट टेकवत. वरचा घट्ट होता. खालचा फिरला.

नुसत्या बोटांनी फिरला. तिने पुन्हा फिरवून पाहिला — हो, सैल, हाताने लावून सोडून दिलेला. मध्येच कुणाचा तरी फोन आला असेल, पाना बाजूला ठेवला असेल आणि मग राहून गेलं असेल. ट्रॅकवर सरळ रस्त्याच्या शेवटी, वेग सर्वांत जास्त असतो तिथे, तो जोराने ब्रेक दाबील. दोन-चार फेऱ्या निभेल. मग बोल्ट गळून पडेल, कॅलिपर फिरून चाकात अडकेल आणि —

पाना तिथेच होता. ती हात लांब करणार होती. मी करणारच होते, असं तिने नंतर स्वतःला अनेकदा सांगितलं. पण तेवढ्यात आतून तो हसला, ऋतुराजच्या कशाला तरी, भरभरून. आणि ती उठली, साडीवरची धूळ झटकली, आत गेली आणि कणीक मळायला घेतली.

जेवताना तो बोलत होता. वळणात गुडघा कसा काढायचा, नजर कुठे ठेवायची. तिने वांग्याची भाजी वाढली. आपल्याला खूप भूक लागली आहे हे तिच्या लक्षात आलं, आणि तिला आश्चर्य वाटलं. ती पोटभर जेवली, वर ताकही घेतलं. बोल्ट बाहेर होता. तिला तो इथून दिसत होता म्हटलं तरी चालेल. घरात इतक्या वर्षांत पहिल्यांदा अशी एक गोष्ट होती जी फक्त तिला ठाऊक होती, आणि ती गोष्ट छातीशी धरून बसण्यात एक विलक्षण... सुख नव्हे. पण शांत वाटत होतं. सांगेन, संध्याकाळपर्यंत वेळ आहे. टेम्पो यायच्या आधी सांगेन. त्याने आणखी एक पोळी मागितली.

जेवण झाल्यावर त्याला ट्रॅकवरचा सूट घालून बघायचा होता. जाड चामड्याचा, आखूड, एकसंध, पाठीवर कुबड असलेला. मे महिन्याच्या दुपारी तो त्यात अर्धा शिरला आणि अडकला.

"हिमानी, जरा ओढ गं मागून."

तिने ओढलं. त्याचं पोट आवळून तिने चेन वर नेली. तिच्या हाताला त्याच्या घामाचा ओला स्पर्श झाला. दिवाणखान्यात, पंख्याखाली, तो लाल-काळा होऊन गुडघ्यांत वाकलेला उभा राहिला, कारण त्या सूटमध्ये सरळ उभंच राहता येत नाही. त्याने हेल्मेट घातलं, मग काच वर केली. काचेच्या चौकटीत फक्त डोळे राहिले.

"कसा दिसतोय?"

"बरा."

त्याने हनुवटीखालचा पट्टा चाचपला. मग म्हणाला, "तुला वाटतं ना, जावं म्हणून?"

"म्हणजे?"

"नाही, तू नको म्हणालीस तर... बीपीचं पण आहे. ऋतुराजला मी सांगू शकतो, घरातून नको म्हणतायत म्हणून." तो हसला, पण डोळे हसले नाहीत. "जाऊ ना?"

ते डोळे. तिने त्यांना नीट पाहिलं. त्याला नको होतं जायला. मरणाची भीती वाटत होती त्याला, आणि ती तिने आपल्या शब्दांत गुंडाळून नेऊन कुठेतरी ठेवावी, अशी त्याची विनवणी होती. एक 'नको' म्हटलं की तो सुटला. मग जन्मभर म्हणायला मोकळा — मी जाणार होतो, बायकोने...

"जा," ती म्हणाली.

"अं?"

"जा म्हटलं ना. एवढी तयारी केलीस."

ती स्वतःचा आवाज ऐकत होती. मऊ आवाज होता. बाहेर बोल्ट सैल आहे हे माहीत असताना माझ्या तोंडून इतका मऊ आवाज निघाला... ती पोर्चमध्ये आली, पाना उचलला, उकिडवी बसली. ठरलेला जोर लागला की 'टक्' वाजणारा पाना होता तो. घाईत तो दोनदा बोल्टवरून निसटला. मग बसला. मग 'टक्' वाजला. तिने वरचाही पाहिला, मागच्या चाकाचेही पाहिले.

केयूर दारात येऊन उभा होता, सूट कमरेपर्यंत सोललेला. "काय करतेयस?"

"हा सैल होता. ब्रेकचा."

"हो?" तो वाकून बघू लागला. "बापरे. बरं झालं बघितलंस. आता बघितलंस?"

"हं."

"वाचवलंस गं," तो हसत म्हणाला आणि तिच्या खांद्यावर थोपटून आत गेला.

ऊन उतरताना टेम्पो आला. दोन माणसांनी गाडी फळीवरून वर चढवली, पट्ट्यांनी चारही बाजूंनी बांधली. केयूर सूचना देत होता, ती माणसं ऐकत नव्हती. टेम्पो वळून बायपासकडे निघाला, धूळ बराच वेळ खाली बसेना. तिला त्या मुरमाच्या रस्त्यावरची धूळ आठवली... शर्यतीच्या आधीची संध्याकाळ. सरावात एकजण पडला होता. चौघांनी त्याला उचललं तेव्हा त्याचा पाय गुडघ्यापासून भलत्याच दिशेला वळलेला होता. बाबा म्हणाले होते, बघू नकोस. ती बघत राहिली होती. रात्रभर तिला झोप लागली नव्हती, आणि सकाळी —

सकाळी केयूर तिच्याकडे आला नव्हता. त्याला तर शर्यत कधी आहे हेही ठाऊक नव्हतं. ती गेली होती त्याच्या घरी. जिन्यात उभी राहून तिने विचारलं होतं त्याला. काय बरं विचारलं होतं? शब्द आठवायची गरज नव्हती. दुपारी हेल्मेटच्या काचेतून तिचेच तेव्हाचे डोळे तिच्याकडे बघत होते.

नाही. असं नसेल. त्याने नको म्हटलंच होतं ना, त्याच्या तोंडून तर निघालं होतं... तिने पोर्चच्या पायरीवर बसून पुन्हा पहिल्यापासून आठवायचा प्रयत्न केला: जिना, त्याचा मऊ आवाज, आईला काय सांगू. आणि 'नको' ऐकताच आपल्या छातीतून सुटलेला तो लांब श्वास. तो दुःखाचा होता, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

आतून त्याने विचारलं, चहा टाकतेस का. तिला उत्तर द्यायचं होतं. राग होता तिथेच होता, पूर्वीइतकाच जड. तो कुणाच्या नावाने ठेवायचा, एवढंच तिला समजेनासं झालं होतं.