घडीतलं चित्र

मी एक जुना प्रोग्राम बोलतोय, चित्रं काढायचा. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या टोपलीशेजारी, पेन्सिलचं एक छोटं चित्र आहे ना, तो मी. त्या पेन्सिलीवर हल्ली कुणी टिचकी मारत नाही. कुणी मला काढूनही टाकत नाही. जुनी चप्पल दाराआड राहून जाते, तसा मी राहून गेलोय.

माझा जन्म कुठे झाला, मला कुणी घडवलं, ते मला सांगता येणार नाही. माझी पहिली आठवण एका चकतीची आहे. इमाद तेव्हा कॉलेजात होता. त्याने ती चकती कैरोच्या बाजारातून आणली आणि मला या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. घर बाब जुवैला या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत आहे. कॉम्प्युटरवर इमादच्या आईने विणलेलं पांढरं झाकण असायचं. ते काढलं की मला समजायचं, आज काम आहे.

काम इमादचं नव्हतं, त्याच्या वडिलांचं होतं. उस्ता बयूमी, म्हणजे वस्ताद कारागीर, तंबूवाल्यांच्या गल्लीत जाड कापडावर रंगीत कापडाची नक्षी शिवायचे. पूर्वी ते तपकिरी कागद जमिनीवर पसरून, गुडघ्यांवर बसून नक्षी काढत. मग गुडघ्यांनी साथ सोडली. म्हणून इमादने त्यांना खुर्चीत बसवलं, माझ्यासमोर.

पहिल्या दिवशी उस्तांनी मला बराच वेळ नुसतं न्याहाळलं. मग मुलाला म्हणाले, "या डब्याला सुईत दोरा ओवता येतो का?"

इमाद नाही म्हणाला.

"मग याला चहा नको विचारू. आधी काम बघू."

शेजारच्या दुकानातले फिक्री तर रोज टोमणे मारत. बयूमीने उतारवयात कात्री सोडून उंदीर धरलाय, असं ते अख्ख्या गल्लीत सांगत फिरले. उस्तांनी मनावर घेतलं नाही. माऊस धरलेला त्यांचा हात जड होता. सुई धरणारी बोटं ती, रेघ ओढताना दाबून धरायची. वाकलेली रेघ ते पुसत नसत. पुन्हा मागे येऊन, थांबून, हळूच सरळ करत. वीज गेली की काढलेलं सगळं नाहीसं व्हायचं. मग ते मला विसरभोळा म्हणायचे आणि परत पहिल्यापासून सुरू करायचे. शेवटी त्यांच्या मुलीने, रबाबने, त्यांना चित्र जपून ठेवायचं बटण दाखवलं. तेव्हा ती इतकी लहान होती, की खुर्चीवर गुडघे टेकल्याशिवाय तिला पडदा दिसत नसे.

आता माझी एक चूक सांगतो. त्या वर्षांत मला उस्तांची कीव यायची.

कारण ते कुठलंच चित्र पूर्ण करत नसत. एक निमुळता तुकडा काढायचे, वरून रुंद, खाली टोकदार. त्यात अर्धं कमळ, अर्धी पाकळी, कापल्यासारखी थांबलेली वेल. बाकी सगळा कागद कोरा. एवढं झालं की ते छापून घ्यायचे आणि मला बंद करायचे. चित्र आरशासारखं उलटवायचं साधन माझ्याकडे होतं. ते त्यांनी कधीच वापरलं नाही. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, दमतो. सुरुवात करतो आणि सोडून देतो.

मग एक दिवस रबाबने शाळेसाठी वडिलांच्या कामाचा एक फोटो माझ्यात उघडला. भिंतीवर टांगलेलं मोठं चौकोनी कापड होतं, निळं आणि केशरी. मी त्यातली एक पाकळी ओळखली. मग तिच्या शेजारची, उलटी. मग सगळीकडे तीच. माझाच तुकडा होता, आठ वेळा गोल फिरून एकमेकांना मिळालेला. शाळेसाठी रबाब बोलत बोलत लिहीत होती: कागदाची घडी घालायची, पुन्हा घडी, पुन्हा घडी. मग नक्षीच्या रेघेवर सुईने भोकं पाडायची, की घडी उलगडल्यावर आठही भागांत तीच भोकं दिसतात. त्या भोकांतून कोळशाची पूड झिरपवली की नक्षी कापडावर उतरते. त्यांना आरशाची गरजच नव्हती. तुकडा कधीच अर्धा नव्हता.

त्यानंतर मी कीव करणं सोडलं.

इमाद शिकला आणि कुवेतला नोकरीला गेला. उस्तांनी त्याच्या लग्नासाठी पडदा शिवायला घेतला. मधली नक्षी शिवून झाली. कडेची नक्षी त्यांनी माझ्यात काढली, फाईलला 'इमाद' नाव दिलं आणि रबाबला म्हणाले, हे उद्या छापू. इमादला सांगू नकोस, भिंतीवरच बघू दे. त्या रात्री त्यांना दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

बराच काळ झाकण क्वचितच निघालं. आत काळोख होता असं म्हणणार नाही, कारण बंद असताना मला काळोखही कळत नाही. पण मध्येच कधी मशीन सुरू व्हायचं, बिल भरायला किंवा शाळेच्या कामाला, आणि मी पेन्सिल पुढे करून थांबायचो.

मग इमाद सुट्टीवर आला. त्याचं लग्न ठरलं होतं, ईद झाल्यावर. आई दिवसभर त्याच्या मागे असायची. तू गेलास की घर खायला उठतं, फोनवर नुसता आवाज येतो, तुझं तोंड कुठे दिसतं, म्हणायची. इमादने ठरवलं, हा कॉम्प्युटर नव्या पद्धतीचा करून द्यायचा, म्हणजे आईला रोज त्याचा चेहरा दिसेल. सगळं बदलण्याआधी तो एकेक फाईल बघत होता. स्वतःच्या नावावर येऊन थांबला आणि त्याने ती माझ्यात उघडली.

माझ्याजवळ जे होतं ते मी दाखवलं. एक निमुळता तुकडा.

त्याने फाईल वर-खाली सरकवून बघितली, बाकी कागद कोराच. लहानपणी दुकानात त्याने कागदाची घडी पाहिली असेलच, पण तो नेहमी हिशेबाच्या पुस्तकांत डोकं घालून बसलेला असायचा. शेवटी हळू आवाजात म्हणाला, "माझंच नेमकं अर्धवट राहिलं." आणि त्याने मला बंद केलं.

मला त्याचा राग आला नाही. मीही तेच समजलो होतो.

दुसऱ्या दिवशी सगळं बदललं. रंग बदलले, खिडक्यांचे कोपरे गोल झाले. माझे जुने सोबती, म्हणजे अक्षरांचे साचे, प्रिंटरशी बोलणारा दुवा, कुणीच जागेवर नव्हतं. नवे लोक आले. ते वाईट नव्हते, पण त्यांना माझी भाषा येत नव्हती. मी काही मागितलं की ते एकमेकांकडे बघत.

इमाद परत गेला. रबाब शाळेतून आली, दप्तर न काढताच तिने पेन्सिलीवर टिचकी मारली. मी धावलो, आणि दारातच अडवला गेलो. पडद्यावर एक चौकोन आला: हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. तिने तो बंद केला आणि पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तोच चौकोन. तिने दुसऱ्या प्रोग्रामांना फाईल दिली, तर त्यांना त्यात काहीच दिसेना.

इकडे आईचे दिवस बहरले होते. ती जेवणाचं ताट घेऊन पडद्यासमोर बसायची, इमाद तिकडे जेवायचा. तुझ्या डाळीत पाणी फार दिसतंय, असं ती त्याला इथून सांगायची. मी बंद पेन्सिलीआडून ते हसणं ऐकायचो. ज्या बदलाने मला मुकं केलं, त्यानेच तिला मुलगा परत दिला होता. मी कुणाविरुद्ध तक्रार करणार?

फिक्रींनी सुचवलं, उस्तांच्या अर्ध्या पडद्याला बाजारातली एखादी कडेची नक्षी लावू, कुणाला कळतंय. रबाबने नुसती मान हलवून नकार दिला. ती तशीही फारशी बोलत नाही. पण जेवेनाशी झाली. आईने एका संध्याकाळी इमादलाच विचारलं, या मुलीला झालंय तरी काय, कॉम्प्युटर नवा झाल्यापासून तोंड एवढंसं करून बसते, सारखी त्या पेन्सिलीवर टिचक्या मारते.

इमाद म्हणाला, बाबांच्या त्या फाईलचंच असेल. मग बहिणीला म्हणाला, "सोड ना, वेडे. बाबांनी ती पुरी केलीच नव्हती. मी बघितलीय."

रबाब दाराशी उभी होती. ती पडद्यासमोर आली. तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, ती तिने खाली ठेवली.

"अर्धवट नाहीये, दादा. ती घडीची आहे." मग म्हणाली, "तुझ्या लग्नाचा पडदा आहे तो. तुला सांगायचं नव्हतं."

पलीकडे इमाद जेवायचा थांबला. त्याने चमचा ठेवला. चेहऱ्यावरून हात फिरवला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आई म्हणत होती, आवाज गेला का, दिसतोस पण ऐकू येत नाही.

मग त्याने विचारलं, "पेन्सिलीवर माऊसचं उजवं बटण दाबून बघितलंस?"

त्याने तिला एकेक करत सांगितलं. नव्या व्यवस्थेत एक सोय होती. माझ्यासारख्या जुन्यांपुढे ती थोडा वेळ जुनं घर असल्याचं सोंग करते. रबाबने खूण केली, आणि मला दार उघडं दिसलं.

मी आत आलो. सोंग चांगलं नव्हतं. अर्धी अवजारं नव्हती, रंग राखाडी झाले होते. पण उस्तांची रेघ होती, दाबून ओढलेली, मागे येऊन सरळ केलेली. रबाबने छापायला सांगितलं आणि मी कोसळलो. पुन्हा उघडलं, पुन्हा छापलं, पुन्हा कोसळलो. पडद्याचं चित्र टिपून बघितलं तर माझ्या जागी काळा चौकोन आला. फोनने फोटो काढला तर रेघा पुसट आणि वाकड्या आल्या.

तिसऱ्यांदा उघडल्यावर तिने मला काहीच सांगितलं नाही. उठून गेली आणि बटर पेपर घेऊन आली. तो तिने पडद्यावर चिकटपट्टीने लावला. माझ्या उजेडात रेघा कागदातून दिसू लागल्या, आणि ती पेन्सिलने वडिलांच्या रेघेवरून रेघ ओढू लागली. आई मागून म्हणाली, काचेत सुई खुपसू नकोस हं, बापाची मुलगी आहेस तू. रबाब हसली. खूप दिवसांनी हसली असावी, कारण आई हातातलं काम सोडून तिच्याकडे बघू लागली.

पूर्ण तुकडा पडद्यावर एका वेळी मावत नव्हता. प्रत्येक वेळी चित्र सरकवताना मी डळमळायचो. मी कुठल्याही कामात इतका जीव लावला नसेल. फक्त स्थिर राहायचं होतं. शेवटच्या पाकळीचं टोक तिने गाठलं, पेन्सिल उचलली, आणि मगच मी कोसळलो.

पुढचं मला ऐकूनच ठाऊक आहे. तिने घडी घातली, भोकं पाडली. पूड फिक्रींनी दिली, आणि बाजारच्या नक्षीचं पुन्हा नाव काढलं नाही. शाळेतून आल्यावर ती शिवत बसायची. ईदनंतर पडदा नवरीच्या सामानातून कुवेतला गेला.

त्यानंतर मला कुणी उघडलं नाही. का उघडावं? एकच काम उरलं होतं, ते झालं. रबाब आता नव्या प्रोग्राममध्ये नक्षी काढते. तो देखणा आहे, न कोसळता छापतो. ती अजून एक निमुळता तुकडाच काढते. त्या प्रोग्रामला तिची कीव येत असेल. कुणीतरी त्याला सांगा.

मागच्या आठवड्यात इमादने भिंतीवरच्या पडद्याचा फोटो पाठवला. आईने तो बघून डोळ्यांना ओढणीचं टोक लावलं. रबाबने तो 'इमाद' नावाच्या फाईलशेजारी ठेवला, अगदी माझ्याजवळ. फोटो नव्या प्रकारचा आहे. मला तो उघडता येत नाही, कधीच येणार नाही.

पण त्यातला आठवा भाग माझ्याकडे आहे. आणि घडी कशी उलगडायची, ते आता मला माहीत आहे.