पाचवी फेरी

रेवणसिद्धनं इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण लावलं आणि खाली लुंगीवरच लॅपटॉपसमोर बसला. कॅमेऱ्याला छातीपर्यंतच दिसतं, कमरेखाली कोण विचारतंय!

पुण्याची ही कंपनी त्याला चार फेऱ्यांपासून चाळत होती. गणितं झाली, कोडिंग झालं, मग चार दिवस राबून त्यानं एक अख्खं ॲप फुकटात बांधून दिलं. इतकं चाळून तर लोक घरात सूनही आणत नाहीत. पाचव्या फेरीत समोर माणूसच नव्हता. पडद्यावर प्रश्न उमटायचा, दीड मिनिटात कॅमेऱ्याकडे बघत उत्तर द्यायचं. ते पुढं कुणी बघेल, न बघेल. खोलीत दुसरं कुणी दिसलं की मुलाखत बंद. नोकरी जाऊन अकरा महिने झाले होते आणि बोलावणं एवढं एकच आलं होतं.

“आये, तासभर आत यायचं न्हाय,” त्यानं आईला बजावलं होतं.

“न्हाय बाबा,” केराबाई म्हणाली होती.

पण तिची पंचाईत वेगळीच होती. चांगल्या कामाला निघालेल्या पोराला दही-साखर द्यायची ती उंबऱ्यात. हा तर उंबरा ओलांडतच नव्हता. मग द्यायची कधी? आतून बोलण्याचा आवाज आला, तेव्हा पोरगं निघालं असं तिनं धरलं.

तिसऱ्या प्रश्नाला दार किलकिलं झालं. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून केराबाई रांगत आली आणि टेबलाच्या कडेनं चमचा धरलेला हात तिनं वर केला.

“खा की पटकन,” ती कुजबुजली.

पडदा पांढरा झाला. दुसरी व्यक्ती आढळली, मुलाखत संपली, सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा. खालून तिला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्यानं मान वाकवून दही खाल्लं. ती समाधानानं तशीच रांगत मागं गेली आणि तिनं दार ओढून घेतलं.

त्याला ओरडावंसं वाटलं. पण बाहेर ती शेजारच्या बसूला दटावत होती.

“हळू बोल की. रेवणा सायबासंगं बोलतोय.”

आता गप्प बसलं तर तिला कळणार. रेवणसिद्धनं बंद पडलेल्या मुलाखतीपुढं बोलायला सुरुवात केली, इंग्रजीत. जुन्या नोकरीत दवाखान्याच्या रांगेचं ॲप आपण कसं दुरुस्त केलं, ते सांगितलं. काढून टाकल्यापासून तिथल्या एकाचाही फोन आला नाही, तेही सांगितलं. फार एकटं वाटतं, असंही एकदाचं म्हणून टाकलं. दीड मिनिट केव्हाच उलटून गेलं होतं.

अर्ध्या तासानं तो बाहेर आला. केराबाई दाराशीच बसली होती.

“झालं?”

“झालं.”

“लई गुणाचा सायब म्हणायचा की,” ती म्हणाली. “एकडाव बी मधी बोलला न्हाय. समदं ऐकून घेतलं तुजं.”

रेवणसिद्ध तिच्याशेजारी खाली बसला.

“व्हय,” तो म्हणाला. “लई गुणाचा.”